कार्प फेलओव्हर, ९ महिन्यांनंतर: तीन आयपींचे पैसे वसूल झाले का?

मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला मुख्य फायरवॉलची (ऑफिसचं नेटवर्क आणि इंटरनेट यांच्यामधली पहारेकरी पेटी) एसएसडी डिस्क गेली. पिग्मी भरण्याची ऐन वेळ. सांगलीतल्या आमच्या ऑफिसातून पतसंस्थांच्या एजंटांचं अ‍ॅप चालतं. मला कळलं ते वीस मिनिटांनी, मॉनिटरिंगचा मेल पाहिल्यावर. तोवर एकाही एजंटाचा फोन नव्हता. फायरवॉलच्या दोन पेट्या आहेत, आणि एक पडली की दुसरीने तिची जागा घ्यायची (फेलओव्हर) ती पद्धत म्हणजे कार्प: मुख्य पेटी दर सेकंदाला ‘मी आहे’ म्हणत असते, तीन हाका चुकल्या की दुसरी उठते. तशी ती चारेक सेकंदांत उठली होती.

पीएफसेन्स (पेट्यांवरचं फायरवॉल सॉफ्टवेअर) कसं बसवायचं ते सांगत नाही. माझं दुखणं आयपींचं, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यांचं. कार्पला दोन्ही पेट्यांना एकेक आणि दोघींत मिळून एक, असे तीन पब्लिक आयपी लागतात. आमचा प्रोव्हायडर सुटे देत नाही, /२९चा अख्खा ब्लॉक घ्या म्हणतो: पत्ते आठ, वापरता येतात पाच. दर बिलाला मी चरफडलो. एकाच पब्लिक आयपीवर, पेट्यांना वॅनवर (इंटरनेटच्या बाजूला) खासगी पत्ते देऊन, भागवूनही पाहिलं. चालतं. पण बॅकअप पेटीला स्वतःला इंटरनेट मिळत नाही, तिचे अपडेट अडकतात. महिनाभरात सोडलं.

मंगळवारी मात्र वाटलं, पैसे वसूल!

सात वाजता फोन सुरू झाले. पैसे जमा होतायत, पण खातेदाराला एसएमएस नाही. एसएमएस गेटवे (एसएमएस पाठवणारी बाहेरची सेवा) आमचा एकच आयपी ओळखतो, आणि तो होता मुख्य पेटीचा स्वतःचा. आउटबाउंड नॅट (बाहेर जाताना कोणता पत्ता लावायचा ते ठरवणारे नियम) मी ऑटोमॅटिकवरच ठेवलं होतं. त्यात बाहेर जाताना पेटीचा पत्ता लागतो, शेअर्ड नाही; म्हणून दुसरी उठताच पत्ता बदलला. ज्या तिसऱ्या आयपीसाठी इतके महिने पैसे मोजले, तो बाहेरच्या वाटेवर मी लावलाच नव्हता. मॅन्युअलमध्ये हे स्पष्ट लिहिलंय. चूक सर्वस्वी माझी, आणि त्या संध्याकाळी पावतीविना राहिलेल्या खातेदारांचं मला फार वाईट वाटलं.

त्याच रात्री नॅट हायब्रिडवर (ऑटोमॅटिक नियमांसोबत स्वतःचेही) घेऊन सर्व्हरच्या सबनेटला शेअर्ड आयपी लावला. गेटवेकडे तो नोंदवायला दुसऱ्या दिवशीची दुपार उजाडली. याने आणखी एक काम झालं: पीएफसिंक कनेक्शनांची नोंद दुसऱ्या पेटीकडे आधीही पाठवत होतं, पण पत्ता बदलल्यामुळे बाहेर गेलेली कनेक्शनं तुटायची. आता चालू डाउनलोडसुद्धा तुटत नाही.

नवी एसएसडी बसल्यापासून दर शनिवारी रात्री मुख्य पेटी कार्प मेंटेनन्स मोडवर टाकतो, म्हणजे काम दुसरीकडे जातं, आणि स्वतःच्या खात्यात दहा रुपये पिग्मी भरतो. एसएमएस आला की झोपतो.

दोन आयपी अजून रिकामे आहेत, भाडं चालू आहे. प्रोव्हायडरशी वाद मात्र थांबवलाय. दोन्ही पेट्या अजून एकाच स्विचवर आहेत; तो गेला तर दोन्ही तुटतील. दुसरा पुढच्या पगारानंतर.