रेफ्रिजरेटेड ड्रायर घ्यावा की डेसिकंट?

पावडर कोटिंग करणाऱ्या एका मित्राचा प्रश्न: पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या लाइनमधून पाणी येतं, कुठला ड्रायर घेऊ?

आधी कोरडेपणा. रेफ्रिजरेटेड ड्रायर हवा थंड करून पाणी वेगळं काढतो. दाबाखालचा दवबिंदू, म्हणजे दाबातल्या हवेतल्या ओलाव्याचं ज्या तापमानाला पाणी व्हायला लागतं तो, साधारण ३ अंश सेल्सिअस मिळतो. त्याखाली गेलं तर आतच बर्फ धरेल. डेसिकंटमधले दाणे ओलावा शोषतात आणि दवबिंदू उणे ४० पर्यंत नेतात. कॅटलॉगमध्ये हा आकडा भारी दिसतो, पण आपल्या शेडमधला पाइप कधी ३ अंशांवर येतो का?

खर्चात खरी मेख आहे. रेफ्रिजरेटेडला फक्त वीज लागते. हीटलेस (हीटर नसलेला) डेसिकंट मात्र दाणे सुकवायला आपलीच कोरडी हवा बाहेर सोडतो, सुमारे १५ टक्के. कॉम्प्रेसर आधीच जेमतेम पुरत असेल तर संपलंच! शिवाय तेल लागलं की दाणे वाया, म्हणून आधी चांगला फिल्टर हवाच.

देखभाल रेफ्रिजरेटेडची सोपी: कंडेन्सरवरची धूळ काढत राहा. टाकीचा ड्रेन दोन्हींत रोज बघायचाच.

पावडर कोटिंग, स्प्रे पेंटिंग, हवेवरची हत्यारं यांना रेफ्रिजरेटेड पुरे. औषधनिर्मिती, इलेक्ट्रॉनिक्स किंवा शून्याखालच्या शीतगृहातून जाणारी लाइन असेल तर डेसिकंट.