लवकर निवृत्तीनंतर वर्षाचा घरखर्च कसा मोजावा: वही, शिल्लक, तक्ता की ॲप?

पन्नाशीच्या आसपास नोकरी सोडणाऱ्या जोडप्याला पुढची तीस-पस्तीस वर्षे साठवलेल्या रकमेवर काढायची असतात आणि ती रक्कम पुरेल का, हे सर्वाधिक अवलंबून असते ते घराच्या वार्षिक खर्चावर. अमेरिकेतील वित्तसल्लागार विल्यम बेंगेन यांनी १९९४ साली तेथील बाजाराच्या जुन्या आकडेवारीवरून असे दाखवले, की पहिल्या वर्षी एकूण रकमेच्या चार टक्के काढले आणि पुढे महागाईप्रमाणे तो आकडा वाढवत नेला, तर पैसे तीस वर्षे पुरतात. तो हिशेब तिथल्या शेअर-रोख्यांचा, तिथल्या महागाईचा आणि तीसच वर्षांचा असल्यामुळे जसाच्या तसा गोव्यातल्या घराला लावू नये. मात्र त्यातून निघणारी पंचवीस पट, म्हणजे वार्षिक खर्चाच्या पंचवीस पट पुंजी लागते हा हिशेब, एक गोष्ट स्पष्ट करते. महिन्याला दोन हजार रुपयांचा खर्च मोजणीतून निसटला, तर वर्षाचे २४ हजार होतात आणि लागणाऱ्या पुंजीचा अंदाज सहा लाखांनी चुकतो. तीस पट धरली तर ७ लाख २० हजारांनी.

नोकरीत असताना आपण खर्च लिहितो तो बहुधा बचत वाढवण्यासाठी, त्यामुळे हॉटेलात किती गेले, कपड्यांवर किती गेले, याला महत्त्व असते. निवृत्तीनंतर विचारायचे असते ते एवढेच, की वर्षभरात घरातून एकूण किती पैसा बाहेर गेला आणि त्यातला किती दरवर्षी जाणार आहे. पुढील चार पद्धतींची तुलना मी याच कसोटीवर केली आहे. ज्यांना पै-पैचा मागोवा घेण्याची मुळातच आवड आहे, त्यांचा निर्णय वेगळा असू शकतो.

सर्वांत सोपा वाटणारा मार्ग, म्हणजे एका महिन्याचा खर्च घेऊन त्याला बाराने गुणणे, मी तुलनेत घेतलेलाच नाही, कारण गोव्यातले वर्ष बारा सारख्या महिन्यांचे नसते. एप्रिल-मे महिन्यांत पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठ्याची, खरेदी होते: सुकी मासळी, आमसुले, चिंच, मिरच्या, उकडे तांदूळ. कौलारू घर असेल तर त्याच सुमारास शाकारणी आणि पन्हळींची डागडुजी निघते. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात रोज मासळी लागणाऱ्या घराचा बाजार महागतो. मग चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, येते आणि माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या सजावटीच्या) सामानापासून मुंबई-पुण्याहून येणाऱ्या नातलगांपर्यंत सगळा खर्च दहा-पंधरा दिवसांत एकवटतो. त्यानंतर कुलदेवतेच्या जत्रेची देणगी, गावच्या उत्सवातील नाटकाची वर्गणी, पंचायतीची घरपट्टी, गाडीचा विमा. फेब्रुवारीचा शांत महिना पाहून ज्याने बाराने गुणले, त्याच्या अंदाजात यांतले जवळजवळ काहीच येत नाही.

रोजची वही ही आपल्याकडची जुनी आणि आजही उपयोगी पद्धत आहे. सकाळी पोदेराला (पाववाल्याला) दिलेले पैसे, बाजारातली भाजी, नारळ काढून देणाऱ्या पाडेलीची मजुरी, असे रोखीचे लहान खर्च तिच्याइतके नेमके दुसरीकडे कुठेच उमटत नाहीत. नोकरी सुटल्यानंतरच्या पहिल्या वर्षी वही ठेवावीच, असे माझे मत आहे, कारण त्या वर्षी खर्चाचा साचाच बदलतो: कार्यालयात जाण्याचे पेट्रोल कमी होते, दिवसा घरी असल्याने विजेचे बिल वाढते, आणि नोकरीतून मिळणारे आरोग्यविम्याचे कवच संपल्यामुळे स्वतःच्या पॉलिसीचा हप्ता नव्याने सुरू होतो. पण कायमची पद्धत म्हणून वही टिकत नाही. प्रवासात, आजारपणात, घरात कार्य असताना नोंदी राहून जातात, म्हणजे ज्या आठवड्यांत खर्च सर्वाधिक असतो नेमक्या त्याच आठवड्यांची पाने कोरी राहतात. शिवाय नवरा-बायकोपैकी एकाने लिहायचे आणि दुसऱ्याने रोज सांगायचे, ही व्यवस्था काही घरांत चौकशीसारखी वाटू लागते. तो संबंधांचा प्रश्न आहे आणि तो कोणत्याही हिशेबापेक्षा मोठा आहे.

शिल्लक पद्धत वहीच्या अगदी उलट चालते. तीत खर्च लिहायचाच नसतो. वर्षाच्या सुरुवातीची शिल्लक, वर्षभराची आवक, गुंतवणुकीत परत टाकलेली रक्कम आणि अखेरची शिल्लक एवढ्यांवरून तो काढायचा असतो. समजा, १ एप्रिलला दोघांची बचत खाती आणि घरातली रोकड मिळून ३ लाख ४० हजार होते. वर्षभरात मुदत ठेवींचे व्याज ४ लाख १० हजार, म्युच्युअल फंडातून काढलेले ३ लाख आणि दुकानाच्या गाळ्याचे भाडे १ लाख २० हजार आले. त्यातून दीड लाखाची नवी ठेव केली आणि ३१ मार्चला २ लाख ६५ हजार उरले. ३,४०,००० अधिक ८,३०,०००, वजा १,५०,०००, वजा २,६५,०००, म्हणजे खर्च ७ लाख ५५ हजार. मासळी रोखीने घेतली की यूपीआयने, नोंद विसरली की केली, याने या आकड्यात फरक पडत नाही. जे घरात उरले नाही ते खर्चच झाले.

या पद्धतीचे तीन सापळे मात्र माहीत असले पाहिजेत. व्याजातून उगमस्थानी कापलेला आयकर बँक खात्यात कधी येतच नाही, त्यामुळे वरच्या उदाहरणात व्याजाचा आकडा कपातीनंतरचा असेल, तर खर्च तेवढा कमी दिसतो. आयकराच्या संकेतस्थळावरील फॉर्म २६एएस पाहून ती रक्कम खर्चात मिळवावी आणि पुढे परतावा आलाच तर त्या वर्षी वजा करावी. दुसरा सापळा क्रेडिट कार्डाचा: मार्चअखेरीस केलेल्या खरेदीचे पैसे खात्यातून एप्रिलमध्ये जातात, म्हणून कार्डावरील देय रक्कम वर्षाच्या दोन्ही टोकांना शिलकीतून वजा धरावी. तिसरा सापळा विस्मरणात गेलेल्या खात्यांचा. गोव्यात अनेक घरांची एखादी बचत ठेव गावच्या पतसंस्थेत असते. तिथे दरमहा भरलेली रक्कम गुंतवणुकीत धरली नाही, तर ती खर्च म्हणून मोजली जाते. एवढे सांभाळल्यास वर्षातून एक दुपार पुरते आणि आकडा बाकी तिन्ही पद्धतींपेक्षा विश्वासार्ह निघतो. तिची खरी उणीव अशी, की ती एकूण सांगते पण कारण सांगत नाही. खर्च साडेसात लाखांवरून नऊ लाखांवर गेला, तर तो दातांच्या उपचारांमुळे की सवयी बदलल्यामुळे, हे तिला विचारून उपयोग नाही.

मोबाइलवरील खर्चाची ॲप हे कारण आपोआप सांगण्याचा दावा करतात. बँकेचे संदेश वाचून किंवा अकाउंट ॲग्रिगेटरच्या मार्गाने, म्हणजे खातेदाराच्या संमतीने बँकांकडून माहिती घेऊन, ती प्रत्येक व्यवहार एखाद्या सदरात टाकतात. शहरी, बहुतांश यूपीआयवर चालणाऱ्या घराला यात सोय आहे, हे नाकारता येत नाही. पण मासळीवालीला केलेले यूपीआय तिच्या वैयक्तिक नावाने दिसते, म्हणून ॲप त्याला व्यक्तीला पाठवलेली रक्कम समजते. स्वतःच्याच दुसऱ्या खात्यात वळवलेले पैसे कधी खर्चात जातात, तर कार्डाचे बिल भरल्यावर तोच खर्च दोनदा मोजला जातो. यूपीआय लाइटमधून केलेले छोटे व्यवहार बँकेच्या विवरणात एकेक करून येत नाहीत, फक्त त्यात भरलेली रक्कम येते. पतसंस्थेचे खाते बहुधा ॲपला दिसतच नाही. या चुका दर आठवड्याला दुरुस्त करणाऱ्याला ॲप चांगले काम देईल, पण इतकी शिस्त असलेला माणूस वहीही ठेवू शकला असता. आणखी एक अडचण दीर्घ मुदतीची आहे. अमेरिकेत लाखो लोक वापरत असलेली मिंट ही सेवा मार्च २०२४ मध्ये बंद झाली. तीस वर्षांचा हिशेब ज्या कोणा कंपनीच्या हाती द्यायचा, ती तीस वर्षे चालेल असे धरून चालता येत नाही. नोंदी स्वतःच्या संगणकावर उतरवून घेता येत नसतील, तर ते ॲप घेऊच नये.

तक्ता, म्हणजे एक्सेल किंवा गूगल शीट्स, याविषयी थोडक्यात सांगता येईल. दरमहा एक ओळ आणि दहा-बारा रकाने असा तक्ता बँकेचे विवरण समोर ठेवून तासाभरात भरता येतो. रोजच्या किरकोळ खर्चाला ‘रोख व इतर’ असा एकच रकाना द्यावा. तो फोडण्याच्या नादात तक्ते मधेच सोडून दिले जातात. मागची पाच वर्षे एका नजरेत पाहण्याची सोय मात्र त्याच्याइतकी कशातच नाही.

वर्ष कोणते धरावे, यावरही मतभेद असतात. एप्रिल ते मार्च धरल्यास व्याजाची प्रमाणपत्रे, भांडवली नफ्याची विवरणे आणि आयकराचे कागद त्याच चौकटीत मिळतात, म्हणून मी तेच सुचवीन. चवथ आणि दिवाळी त्यात दरवर्षी एकदाच येतात. गुढीपाडवा तसा नाही: २०२४-२५ मध्ये ९ एप्रिल आणि ३० मार्च असे दोन पाडवे आले, तर २०२६-२७ मध्ये एकही येत नाही. पाडव्याला सोने घेणाऱ्या घराने हे लक्षात ठेवूनच दोन वर्षांची तुलना करावी. (सोने खर्चात धरायचे की गुंतवणुकीत, यावर घरात आधी एकमत करून घ्यावे.)

अशीच सावधगिरी आरोग्यविम्याच्या हप्त्याबाबत हवी. वैयक्तिक आरोग्यविम्यावरील १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला. ज्याचा मूळ हप्ता ३० हजार होता, तो करासह ३५,४०० भरत होता. कर गेल्यानंतर त्याला ३४ हजार भरावे लागले, तर खर्च घटल्यासारखा दिसेल, प्रत्यक्षात मूळ हप्ता तेरा टक्क्यांहून अधिक वाढलेला असेल. पुढच्या वर्षांचा अंदाज करताना मूळ हप्ताच धरावा. रंगकाम, इन्व्हर्टरची बॅटरी, पंधरा वर्षे झालेल्या गाडीचे नोंदणी नूतनीकरण, असे काही वर्षांनी एकदा येणारे खर्च ज्या वर्षी झाले त्या वर्षीच्या एकूण आकड्यात राहू द्यावेत, पण बाजूला वेगळे लिहावेत आणि पुंजीचा हिशेब निदान तीन वर्षांच्या सरासरीवर करावा. मुलांच्या शिक्षणाची फी संपणारी आहे, म्हणून ती पंचवीस पटीत धरू नये. तिची एकरकमी तजवीज वेगळी ठेवावी.

तेव्हा ज्याला आज निर्णय घ्यायचा आहे, त्याने नोकरी सुटण्यापूर्वीच एका वर्षाची शिल्लक काढून पाहावी. मागच्या वर्षाची विवरणे हाताशी असल्यास त्यासाठी थांबावेही लागत नाही. निवृत्तीनंतरचे पहिले वर्ष वही, आणि त्यापुढे शिल्लक पद्धत व तिच्या जोडीला बाराशे-पंधराशेचे तपशील न मांडणारा मासिक तक्ता, ही जोडी बहुतेक घरांना पुरेशी आहे. एकूण आकडा आणि तक्त्याची बेरीज यांत पाच टक्क्यांपर्यंत फरक राहिला तर तो शोधत बसू नये, त्याहून मोठा असेल तर विसरलेले खाते किंवा कार्ड शोधावे. ॲप त्यांनीच निवडावे ज्यांच्याकडे रोखीचे व्यवहार नगण्य आहेत. ज्या घरात एकटाच माणूस पैशाचे पाहतो, तिथे यंदाच्या मार्चअखेरीस आकडा दुसऱ्याला काढायला द्यावा. त्याला कागदपत्रे पाहून तो मदतीशिवाय काढता आला नाही, तर ती पद्धत कितीही अचूक असली तरी बदलावी.