'फॉर एमा, फॉरएव्हर अगो': बॉन इव्हेरचा पहिला अल्बम, केबिनची कथा वगळून

या अल्बमबद्दल कोणीही बोलायला लागलं की गाण्यांआधी केबिन येते. २००६ मध्ये डीयारमंड एडिसन हा बँड फुटला, त्याचा गायक जस्टिन व्हर्नन (पुढे बॉन इव्हेर हे नाव घेतलं तो हाच) अमेरिकेतलं राली शहर सोडून विस्कॉन्सिनला परतला, आजारातून पुरता उठलेला नसताना वडिलांच्या शिकारीच्या केबिनमध्ये त्याने हिवाळा काढला आणि रेकॉर्डिंग घेऊन बाहेर पडला. कथा खरी आहे. पण तीच डोक्यात ठेवून ऐकलंत तर दुःखी माणूस आणि एक गिटार एवढंच ऐकू येईल. इथला खरा माल म्हणजे आवाजाचे थर.

जुन्या बँडमध्ये व्हर्नन भारदस्त, खालच्या पट्टीतल्या आवाजात गायचा. इथे बहुतेक सगळं फॉल्सेटोत (नेहमीच्या आवाजाच्या वरच्या, पातळ आवाजात) आहे आणि एकावर एक रचलेलं आहे. 'लम्प सम'च्या सुरुवातीला चर्चमधल्या समूहगानासारखा आवाज येतो, तो असाच रचलेला. घरी हे करू पाहणारे एकच टेक (एकदा गायलेलं रेकॉर्डिंग) कॉपी करून डावी-उजवीकडे टाकतात. त्याने आवाज फक्त मोठा होतो, पसरत नाही. प्रत्येक थर नव्याने गावा लागतो, कारण सुरातले आणि वेळेतले बारीक फरकच रुंदी देतात. दुसरी गोची 'स', 'श', 'त'ची. सगळ्या थरांत ते स्पष्ट म्हटले की मागेपुढे पडून खरखर होते. मुख्य थरात शब्द नीट म्हणायचे, बाकीच्यांत व्यंजनं अर्धी गिळायची.

शब्द कळत नाहीत ही तक्रार रास्त आहे. व्हर्ननने आधी निरर्थक अक्षरांवर चाली गायल्या आणि मग त्या ध्वनींत बसतील असे शब्द शोधले. भावगीतांवर पोसलेल्या कानाला हे उलटं वाटेल. पहिल्या ऐकण्यात तरी गीतांचा कागद समोर घेऊ नका.

'स्किनी लव्ह' वाजवायचं असेल तर नेहमीच्या ट्युनिंगमध्ये ते बसत नाही. जाड तारेपासून सी-जी-ई-जी-सी-सी असं लावा: सहावी चार सेमीटोन (अर्धे स्वर) खाली, पाचवी दोन खाली, चौथी दोन वर, तिसरी तशीच, दुसरी एक वर, पहिली चार खाली. चौथी सावकाश चढवा, जुनी तार असेल तर तुटते. सहावी सैल पडून फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर) खडखडते, त्यासाठी थोडी जाड तार घ्या. शेवटच्या दोन्ही तारा एकाच सुरात आहेत. केसभर फरक राहिला तरी आवाज लाटांसारखा हलतो, म्हणून ट्यूनरनंतर त्या दोन कानाने जुळवा.

नऊ गाणी, साधारण ३७ मिनिटं. शफल बंद ठेवा, कारण 'टीम' हा 'क्रिएचर फियर'लाच जोडलेला शिट्टीचा छोटा तुकडा आहे, सुटा ऐकला तर फालतू वाटतो. (जोडून ऐकला तरी अल्बममधली सर्वांत अशक्त जागा तीच.) 'द वुल्व्ह्ज' शेवटाकडे जसं चढत कोसळतं, ते मात्र फोनच्या स्पीकरवर वाया जातं. शीर्षकगीतातले ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन इतरांनी वाजवलेत, त्यामुळे 'सगळं एकट्याने' हेही पूर्ण खरं नाही.

जुनी एलपी घेताना दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं, 'री: स्टॅक्स', आधी लावून बघा. ते साडेसहा मिनिटांहून मोठं आहे आणि रेकॉर्डच्या आतल्या खाचांवर येतं. तिथे सुईखालून खाच सावकाश सरकते, त्यामुळे झिजलेली किंवा वाकडी बसवलेली सुई 'स' फाडते. गाण्यात जवळून घेतलेला आवाज आणि गिटार एवढंच असल्याने दोष झाकायला काही नाही. स्वतःच्या सुईवरही तसंच फाटत असेल तर आधी कार्ट्रिजची (सुई धरणाऱ्या भागाची) बैठक तपासा, मग रेकॉर्डला दोष द्या.

२००७ मध्ये व्हर्ननने हा अल्बम स्वतःच काढला, २००८ मध्ये जॅगजगुवार या लेबलने. पुढे काय घ्यायचं? २००९ चा 'ब्लड बँक', चारच गाणी. त्यातल्या 'वुड्स'मध्ये फक्त ऑटोट्यून केलेल्या (सॉफ्टवेअरने सुरात ओढलेल्या) आवाजाचे थर आहेत. कान्ये वेस्टने २०१० मध्ये तेच 'लॉस्ट इन द वर्ल्ड'साठी घेतलं. मग २०११ चा, बॉन इव्हेरच्याच नावाचा अल्बम, ज्याच्यानंतर २०१२ मध्ये दोन ग्रॅमी आले. २०१६ च्या '२२, अ मिलियन'मध्ये आवाज चिरून, तुकडे करून वापरलाय. तो शेवटी ठेवा. तिथून सुरुवात करणारे बहुतेक दुसऱ्या गाण्यावरच बंद करतात.