मिरजेतील हृदयतपासणी केंद्र : शस्त्रक्रियेपूर्वीच्या ‘फिटनेस’चा अनुभव

माझ्या वडिलांच्या, म्हणजे नानांच्या, हर्नियाची शस्त्रक्रिया सांगलीत ठरली होती आणि त्यासाठीच्या तपासण्या आम्ही घराजवळच्या एका लॅबमध्ये करून घेतल्या. ईसीजीच्या कागदाच्या वरच्या कोपऱ्यात यंत्राने ‘सेप्टल इन्फार्क्ट, एज अनडिटरमिन्ड’ असे छापले होते. म्हणजे हृदयाच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला केव्हातरी हृदयविकाराच्या झटक्याने इजा होऊन गेली असावी. भूलतज्ज्ञांनी ती ओळ पाहताच तारीख पुढे ढकलली आणि हृदयरोगतज्ज्ञांचा ‘फिटनेस’, म्हणजे हृदय शस्त्रक्रिया सोसेल असे पत्र, घेऊन येण्यास सांगितले. रोज पहाटे सांगलीहून हरिपूरच्या संगमेश्वरापर्यंत चालत जाऊन परतणाऱ्या 68 वर्षांच्या माणसाला झटका येऊन गेला आणि घरात कोणाला पत्ताही लागला नाही, हे पटत नव्हते. पण कागदावर छापलेले खोटे तरी कसे म्हणावे, या घोरात आम्ही मिरजेतील या केंद्रात गेलो.

आधी गैरसोय सांगतो. केंद्र पहिल्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. ‘वर पोहोचला तो निम्मा पास,’ असे नाना जिन्यातच म्हणाले. 11 ची वेळ मिळाली होती, आत बोलावले तेव्हा सव्वा वाजला होता.

आत गेल्यावर मात्र घाई दिसली नाही. डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवून आधी चौकशी केली: काका, दोन मजले न थांबता चढता का, छातीत दडपण येते का, रात्री दम लागून उठून बसावे लागते का, मधुमेह आहे का. मधुमेहींना वेदना न होताही झटका येऊन जाऊ शकतो, म्हणून शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, हेही त्यांनी सांगितले. नानांना मधुमेह नाही.

त्यानंतर ईसीजी नव्याने काढला आणि मला सर्वांत भावला तो हाच भाग. तेथील ताईंनी ईसीजीच्या तारा जोडायच्या चकत्या छातीवर कोठेतरी चिकटवल्या नाहीत. उरोस्थीवरचा उंचवटा चाचपून, तेथून बोटाने फासळ्यांमधील फटी मोजत त्या चौथ्या फटीपर्यंत उतरल्या आणि मगच पहिल्या दोन चकत्या लावल्या. याच दोन चकत्या एखादी फट जरी वर लागल्या, तरी आलेखातील सुरुवातीचा उभा तरंग खुजा दिसतो किंवा नाहीसा होतो आणि यंत्र त्यालाच जुन्या झटक्याची खूण समजते. नव्या कागदावर ती ओळ नव्हती. तरीही डॉक्टर तेवढ्यावर थांबले नाहीत. टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून हृदयाच्या सर्व भिंती सारख्या आकुंचन पावतात हे त्यांनी आम्हाला पडद्यावर दाखवले. पंपिंग, म्हणजे दर ठोक्याला हृदयाच्या डाव्या कप्प्यातून बाहेर फेकल्या जाणाऱ्या रक्ताचे प्रमाण, 60 टक्के, म्हणजे व्यवस्थित आले.

अँजिओग्राफी, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांत अडथळा आहे का याची तपासणी, करून एकदाचा सोक्षमोक्ष लावावा, असे माझ्या भावाने सुचवले. त्रास नसताना आणि हर्नियासारख्या कमी जोखमीच्या शस्त्रक्रियेसाठी ती करू नये, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. कारण त्यातून विनाकारण स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसला, तर रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या सुरू होतात आणि तातडीची नसलेली शस्त्रक्रिया साधारणतः सहा महिने लांबते. स्वतःच्या व्यवसायाला तोटा होईल असा सल्ला देणारे डॉक्टर भेटले, याचे मला अप्रूप वाटले.

फिटनेसच्या पत्रात नुसते ‘फिट’ लिहिले नव्हते, तर हृदयाच्या दृष्टीने जोखीम कमी आहे असा शेरा होता, आणि रक्तदाबाची टेल्मिसार्टनची गोळी शस्त्रक्रियेच्या सकाळी घेऊ नये, कारण भूल दिल्यावर रक्तदाब फार उतरू शकतो, अशी सूचनाही होती. हे पत्र टंकलिखित होऊन मिळायला मात्र दुसरा दिवस उजाडला आणि त्यासाठी सांगली–मिरज असा आणखी एक हेलपाटा पडला. पाचपैकी चार तारे देतो. पाचवा तारा लिफ्टसाठी राखून ठेवला आहे.