दंडावरचा शुगर सेन्सर, घ्यावा का?
आईसाठी घेतला. दंडाच्या मागे चिकटवायचा, १४ दिवस चालतो, टोचलेलं तिला कळलं पण नाही. आत केसाएवढी बारीक तार, तिच्यावर ग्लुकोज ऑक्सिडेज एन्झाइम, साखरेशी रिअ‍ॅक्शन झाली की बारीकसा करंट आणि आकडा थेट मोबाइलवर, मूळ आयडिया क्लार्क आणि लायन्स या संशोधकांची, १९६२ ची बरं का! फक्त हा रक्तातली नाही, पेशींभोवतीच्या द्रवातली शुगर मोजतो, त्यामुळे काही मिनिटं मागे असतो, घाम फुटलाय (शुगर लो झाल्याचं लक्षण) आणि आकडा नॉर्मल दिसतोय तर सरळ बोटाला टोचून बघा. साबुदाणा खिचडीनंतरचा ग्राफ बघून आईने उपवासाला वरई सुरू केली (तीही चढवतेच म्हणा). सेन्सरच्या बाजूच्या कुशीवर झोपलं की दाबाने रात्री शुगर लो झाल्याचा खोटा अलार्म, वैताग नुसता! महाग आहे, पण इन्सुलिन चालू असेल तर पैसे वसूल.