यशवंतराव की चिंतामणराव?

वक्तृत्व स्पर्धेसाठी ‘नेत्याची जडणघडण आणि त्याचा राज्यकारभार’ हा विषय घेतलाय, पण यशवंतराव चव्हाण घेऊ की चिंतामणराव देशमुख, असा भाचीचा प्रश्न.

घरची परिस्थिती पाहू. यशवंतरावांचा जन्म 1913 मध्ये देवराष्ट्रे इथला. वडील लहानपणीच गेले, आई विठाईने कष्टाने वाढवलं. 1932 मध्ये तुरुंगवास झाला. चिंतामणरावांचे वडील वकील. मॅट्रिकला पहिला नंबर, आयसीएसलाही (इंग्रजांच्या काळातली सनदी सेवेची परीक्षा). भाषणात रंग भरायला यशवंतरावांचं घर सोपं. हुशार मुलगा पुढे गेला यात नाट्य कुठलं!

सरकारविषयीच्या भूमिकेत खरा फरक आहे. यशवंतरावांना सत्ता खाली झिरपायला हवी होती: 1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्या, सहकाराला बळ मिळालं. घरातली गरिबी आणि गरीब मुलांना दिलेली फीमाफी यांचा धागा जोडता येतो. चिंतामणराव मध्यवर्ती आर्थिक शिस्तीचे. ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे अर्थमंत्री. स्टेट बँक 1955 ची आणि आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण 1956 चं, दोन्ही त्यांच्याच काळातलं.

मूल्यांच्या कसोटीवर मात्र चिंतामणराव सरस ठरतात, असं मला वाटतं. 1956 मध्ये मुंबई महाराष्ट्राला न देण्याच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडलं. त्याच प्रश्नावर यशवंतराव पक्षशिस्तीत राहिले, हे भाषणात टाळू नये.

घर ते कारभार असा प्रवास सांगायचा असेल, तर यशवंतराव घ्यावेत. वेळ चारच मिनिटं असेल आणि एका निर्णयाभोवती बोलायचं असेल, तर चिंतामणराव.