टेन्सचा व्हिडिओ कोर्स: व्हीथ्रीसाठी घ्या, क्विझकडे लक्ष देऊ नका

टेन्स शिकवणारे कोर्स ढिगाने आहेत आणि बहुतेक सगळे सुरुवातीलाच बारा काळांचा तक्ता तोंडावर फेकतात. यात तक्ता पार शेवटी येतो, म्हणूनच मला हा आवडला. आधी नुसती क्रियापदं, मेन कुठलं हेल्पिंग कुठलं, डिड आलं की पुढे व्हीवनच (क्रियापदाचं मूळ रूप, जसं गो) का (डिड वेंट म्हणणारे आपल्यात काय कमी आहेत का), कॅन, मस्टनंतर टू का लागत नाही वगैरे.

खरा पैसा वसूल पार्टिसिपलच्या धड्यात. गो-वेंट-गॉन आपण सगळ्यांनी घोकलंय पण त्या तिसऱ्याचं, म्हणजे व्हीथ्रीचं (वेंट ते व्हीटू), करायचं काय हे कुणी धड सांगितलेलं नसतं. इथे सर सरळ सांगतात की व्हीथ्री स्वतः काळ दाखवतच नाही, त्याच्या आधी हॅव आलं की परफेक्ट (पूर्ण काळ), बी आलं की बहुतेक वेळा पॅसिव्ह (कर्मणी). 'शी हॅज ब्रोकन द ग्लास' आणि 'द ग्लास वॉज ब्रोकन' शेजारी शेजारी लिहून दाखवलंय, ब्रोकन दोन्हीकडे तोच, बदललं ते फक्त हेल्पिंग. रेग्युलर क्रियापदांत व्हीटू-व्हीथ्री दोन्ही ईडीवालेच, म्हणून तिथे हा फरक दिसत नाही, तेव्हा उदाहरणं मुद्दाम इरेग्युलर घेतलीत हे बरं केलं. बोर्ड (कंटाळलेला) आणि बोरिंग (कंटाळवाणा) यांचा भागही मस्त, आय ॲम बोरिंग म्हटलं की रटाळ आपणच ठरतो!

आता न आवडलेलं. 'आय हॅव सीन हिम यस्टरडे' चालत नाही एवढं सांगून सर पुढे जातात. अहो पण आपण 'काल पाहिलंय त्याला' असं बिनधास्त बोलतो ना, चूक तिथूनच येते, आणि इंग्रजीत यस्टरडेसारखी संपलेली वेळ सांगितली की साधा पास्टच लागतो, हे दोन वाक्यांत सांगता आलं असतं. लाय (आडवं होणं) आणि ले (ठेवणं) तर उरकूनच टाकलंय, जिथे लायचं व्हीटूच ले आहे तिथे थांबायला नको का? स्टेटिव्ह क्रियापदांची (स्थिती दाखवणारी, ज्यांना सहसा आयएनजी लागत नाही ती) नुसती यादी दिलीय, त्यात हॅव पण आहे, मग 'हॅविंग लंच' कसं चालतं ते आपलं आपण शोधा.

क्विझ तर वैतागच, विल आणि गोइंग टू दोन्ही बसतील अशा वाक्याला एकच उत्तर बरोबर धरतात.

बेसिक कच्चं असेल तर घ्या, ॲडव्हान्स्डवाल्यांना यात फारसं काही नाही. आणि व्हिडिओ दीडपट स्पीडवर लावा, सर फारच सावकाश बोलतात.